गुडघा, निवड चाचणी आणि वेदनेची गोळी: नवी मुंबईतील एका कुमार कबड्डीपटूचे प्रकरण

मुलगा, कुटुंब, मंडळ आणि उपचार करणारे यांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही बाह्य तपशील बदलले आहेत. औषधांच्या मात्रा या मुलाचे वजन आणि तपासण्या पाहून ठरवल्या होत्या. त्या दुसऱ्या कोणासाठी जशाच्या तशा वापरू नयेत.

पार्श्वभूमी

मुलगा १६ वर्षांचा, वजन ६२ किलो, अकरावी वाणिज्य शाखेत शिकणारा. घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातल्या एका गावठाणात राहतो. वडील ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात शिफ्टमध्ये काम करतात, आई घरी शिवणकाम करते. मुलगा मंडळाच्या कुमार गटाच्या संघातला पहिला चढाईपटू. घरात दारू नाही, तंबाखू नाही. त्याला स्वतःला सिगारेटचीही सवय नव्हती.

या भागात दिवाळीनंतर प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात आणि त्याच सुमारास निवड चाचण्यांची चर्चा रंगते. जिल्हा संघात नाव लागले तर पुढे राज्य पातळी. तिथल्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची आशा धरता येते. शिफ्टमध्ये राबणाऱ्या बापाच्या दृष्टीने ही आशा मोठी असते. मुलावर कोणी उघड दबाव टाकला नव्हता, पण एक हंगाम हुकणे म्हणजे काय हे त्याला नीट कळत होते.

दिवाळीच्या आठवड्यात सरावात बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळताना कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. पाय मॅटवर रुतला, शरीर फिरले, गुडघ्यात ‘टक’ असा आवाज झाला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. इतक्या लवकर आलेली सूज बहुधा सांध्यात रक्तस्राव झाल्याची खूण असते आणि अशा वेळी लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) फाटल्याची शंका आधी घ्यावी लागते. एक्स-रे साफ होता. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारे एक मुख्य लिगामेंट, पूर्ण फाटलेले आणि आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) थोडी फाटलेली दिसली. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत तीन आठवडे थांबून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागचा स्नायुबंध घेऊन नवे लिगामेंट बसवले आणि गादीचा फाटका तुकडा काढला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढे जे घडले त्यात तिचा काही दोष नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे सात आठवडे

डिस्चार्ज पेपरवर वेदनेसाठी एकच औषध होते: ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी, दिवसातून तीन वेळा, ७ दिवस. म्हणजे २१ गोळ्या. खाली ‘नंतर गरजेनुसार’ अशी ओळ होती. हे औषध अफूवर्गीय, म्हणजे अफूसारखे काम करणारे आणि सवय लावू शकणारे, आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हते. पाकिटावर पॅरासिटामॉलचे नाव होते आणि ते ओळखीचे होते.

बाराव्या दिवशी टाके काढताना मुलगा म्हणाला, “रात्री ठणकतं.” कनिष्ठ डॉक्टरांनी आणखी २० गोळ्या लिहून दिल्या. ठणका नेमका कधी लागतो, त्याने झोप मोडते का, दिवसभरात बर्फ किती वेळा लावला जातो, हे विचारले गेले नाही. विचारले असते तर कळले असते की बर्फ चौथ्या दिवशीच बंद झाला होता आणि पाय उशीवर उंच ठेवणेही सुटले होते. ठणक्याचे कारण तिथे होते.

त्या ४१ गोळ्या संपल्यावर आईने जुन्या कागदाचा फोटो नेहमीच्या मेडिकलवाल्याला पाठवला आणि त्याने ओळखीवर तीन पाकिटे दिली. ट्रामाडॉल अनुसूची एच-१ मध्ये येते. त्यासाठी चालू चिठ्ठी लागते आणि दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती ३ वर्षे जपायची असते. एप्रिल २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आहे. इथे नोंद झाली नाही. आईला यात काही गैर आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. डॉक्टरांनीच लिहिलेले औषध ती मागत होती.

याच काळात गोळीचे काम बदलले. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपीत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकवायला सुरुवात झाली, तेव्हा तो सत्राआधी एक गोळी घेऊ लागला. मग झोप लागावी म्हणून रात्री एक. मग संध्याकाळी मैदानाकडे निघण्याआधी एक, कारण कठड्यावर बसून दुसऱ्याला आपल्या जागी चढाई करताना पाहणे त्याला सोसत नव्हते. ट्रामाडॉल वेदना दाबते, तसेच मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनवरही काम करते, त्यामुळे काही जणांना त्याने मन हलके वाटते. या मुलाने मजेसाठी एकही गोळी घेतली नाही. त्याने ती भीतीसाठी, झोपेसाठी आणि एकटेपणासाठी घेतली. जखमी किशोर खेळाडूंच्या बाबतीत आम्हाला हीच वाट सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती बाहेरून शिस्तीसारखी दिसते: मुलगा व्यायाम चुकवत नाही, तक्रार करत नाही.

सहाव्या आठवड्यापर्यंत दिवसाला ६ गोळ्या झाल्या होत्या, कधी ८. घरातला साठा कमी पडला तेव्हा संघातल्या एका मोठ्या खेळाडूने त्याला ट्रामाडॉलच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या. तो स्वतः जुन्या खांद्यासाठी सामन्याआधी त्या घेत असे.

अडचण लक्षात कशी आली

ती प्रथम फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आली. सातव्या आठवड्यात मुलगा वेदना ‘शून्य’ सांगत होता, पण गुडघ्याची सूज आदल्या आठवड्यापेक्षा वाढली होती. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. सूज वाढते म्हणजे सांध्यावर भार जास्त पडतो आहे, आणि तरी दुखत नाही म्हणजे इशारा कुठेतरी दाबला जातो आहे. सकाळच्या सत्रात तो सारख्या जांभया देत होता, नाक गळत होते, हातावर काटा येत होता. संध्याकाळच्या सत्रात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक असत. आई बोलता बोलता म्हणाली, की पोट साफ होत नाही म्हणून त्याला रोज इसबगोल देते.

फिजिओने त्याला बाजूला घेतले आणि विचारले, “शेवटची गोळी कधी घेतलीस? आणि ती घेतली नाहीस तर सकाळी कसं वाटतं?” पहिल्या प्रश्नाला त्याने खोटे उत्तर दिले. दुसऱ्याला खरे दिले: “अंग मोडून येतं, ताई. ताप आल्यासारखं.” प्रश्नात आरोप नव्हता म्हणून उत्तर आले. “तू गोळ्या खातोस का?” असे विचारले असते तर तो पुन्हा सत्राला आला नसता, असे आमचे मत आहे.

त्याच दिवशी आईला बोलावून घरातली आणि बॅगेतली सगळी पाकिटे टेबलावर मांडली. तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली. आई वेगळी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलही दिवसातून तीनदा देत होती. ज्या दिवशी एकत्रित गोळ्या ८ झाल्या, त्या दिवशी पॅरासिटामॉल २६०० अधिक १९५० म्हणजे ४५५० मिलिग्रॅम झाले होते. किलोमागे ६० मिलिग्रॅम या हिशेबाने ६२ किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा ३७२० मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाचीही ४००० च्या वर जाऊ नये. यकृताच्या तपासण्या लगेच केल्या. एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारा घटक) किंचित वाढलेले होते, आठवड्याने उतरले.

समोर असलेले पर्याय

अस्थिशल्यचिकित्सक, फिजिओ, व्यसनमुक्तीचा अनुभव असलेले मनोविकारतज्ज्ञ आणि आईवडील एकत्र बसले. मुलाशी मनोविकारतज्ज्ञ आधी एकटे बोलले. नशेच्या पदार्थांच्या वापराविषयी किशोरांसाठी असलेली क्राफ्ट ही सहा प्रश्नांची चाचणी घेतली, आधी कधी झटके आले होते का ते विचारले, झोप आणि आत्महत्येचे विचार यांची चौकशी केली. झटक्यांचा प्रश्न इथे टाळता येत नाही, कारण ट्रामाडॉलने, विशेषतः मोठ्या मात्रेत, झटके येऊ शकतात.

वडिलांचे म्हणणे होते, गोळ्या आजच फेकून द्या, चार दिवस त्रास होईल, सहन करेल. चार दिवसांचा अंदाज तसा चुकीचा नव्हता; शेवटच्या गोळीनंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो. पण ट्रामाडॉल सोडताना अफूवर्गीय औषध सुटण्याच्या त्रासासोबत घबराट, झोपमोड, अंगातून झिणझिण्या जाणे असा दुसऱ्या तऱ्हेचा त्रासही होऊ शकतो. त्या तीन दिवसांत संघातल्या मित्राच्या कॅप्सूल एका फोनच्या अंतरावर होत्या. शिवाय गुडघ्याचा व्यायाम थांबला असता.

नातेवाइकांनी निवासी केंद्र सुचवले. मुलाचे वय, वेदनेपलीकडच्या कारणांसाठी पाचच आठवड्यांचा वापर, दुसरे कोणतेही व्यसन नसणे आणि घरात लक्ष देणारे माणूस असणे, हे पाहता ते गरजेपेक्षा जास्त होते. वर्षानुवर्षे व्यसन असलेल्या प्रौढांबरोबर १६ वर्षांच्या मुलाला ठेवण्यात वेगळे धोके असतात. बुप्रेनॉर्फिनचा (अफूवर्गीय औषधांचे व्यसन सोडवताना दिले जाणारे औषध) विचार झाला आणि तो मागे ठेवला: घरी मात्रा हळूहळू उतरवणे फसले तरच. दुसरे तीव्र वेदनाशामक, उदाहरणार्थ टॅपेंटाडॉल, देऊन ट्रामाडॉल सोडवण्याची सूचना लगेच बाजूला ठेवली गेली. ते त्याच वर्गातले औषध आहे.

निवडलेला मार्ग म्हणजे घरी राहून, देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवणे आणि फिजिओथेरपी एक दिवसही न थांबवणे.

वडिलांचा एक प्रश्न बराच वेळ अडून राहिला: “पोलिस केस तर होणार नाही ना?” अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कलम ६४अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळते. अल्पवयीन मुलाला असे पदार्थ पुरवणाऱ्यावर मात्र बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे स्पष्ट झाल्यावरच वडील मोकळे झाले. उपचार उशिरा सुरू होण्यामागे ही भीती फार घरांत असते, आणि तिच्याबद्दल डॉक्टरांनी स्वतःहून बोलावे.

केलेली कृती

सुरुवात दिवसाला ६ गोळ्यांवर, म्हणजे २२५ मिलिग्रॅम ट्रामाडॉलवर स्थिर केली, वेळा ठरवून. दर तीन दिवसांनी एक गोळी कमी: ६, ५, ४, ३. शेवटच्या २ आणि १ या पायऱ्या प्रत्येकी पाच दिवसांच्या, कारण दोनवरून एकवर येणे म्हणजे मात्रा एकदम निम्मी होणे, आणि घट बहुतेक वेळा तिथेच फसते. एकूण २२ दिवस, ६९ गोळ्या. त्या एकाच मेडिकलमधून, एकाच डॉक्टरच्या ताज्या चिठ्ठीवर, दर तीन दिवसांना पुरतील एवढ्याच. गोळ्या आईच्या कुलपाच्या कपाटात. आई समोर उभी राहून गोळी देणार आणि वहीत वेळ लिहिणार.

वेगळी पॅरासिटामॉल दिवसातून दोनदाच. त्यामुळे ६ गोळ्यांच्या दिवशीही बेरीज ३२५० वर राहिली. पोटाची आणि मूत्रपिंडाची तक्रार नसल्याने सुरुवातीचे ७ दिवस जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी. बर्फ पुन्हा सुरू: कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, व्यायामानंतर आणि झोपण्याआधी. नैराश्याच्या गोळ्या या काळात मुद्दाम सुरू केल्या नाहीत, कारण ट्रामाडॉलबरोबर त्यांतल्या बऱ्याच औषधांनी सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. घरातले खोकल्याचे औषधही याच कारणाने काढून ठेवले. त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते.

आठव्या दिवशी, ४ गोळ्यांच्या पायरीवर, मुलाने मित्राकडून दोन कॅप्सूल घेतल्या. त्याच रात्री त्याने आईला सांगितले. इथे घाई झाली असती तर सगळेच बिघडले असते. मात्रा वाढवली नाही आणि शिक्षा म्हणून कमीही केली नाही. चारची पायरी आणखी तीन दिवस लांबवली. घट २२ ऐवजी २५ दिवसांत पूर्ण झाली आणि ६९ ऐवजी ८१ गोळ्या लागल्या. त्या दिवशी काय झाले होते ते विचारले तेव्हा कळले की मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवड चाचणीची यादी आली होती.

म्हणून प्रशिक्षकांशी बोलणे भाग होते. काय सांगायचे हे मुलाने ठरवले: गुडघ्याचे सगळे, गोळ्यांचे काही नाही. अस्थिशल्यचिकित्सकांनी प्रशिक्षकांना समोर बसवून सांगितले की नऊ महिन्यांच्या आत परतल्यास लिगामेंट पुन्हा फाटण्याचा धोका कितीतरी वाढतो आणि नऊ महिन्यांनंतरही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असल्याशिवाय परवानगी मिळणार नाही. प्रशिक्षकांनी त्याला गुणलेखकाचे काम दिले. तो पुन्हा संघाबरोबर मैदानाच्या कडेला आला, पण आता हातात काम होते.

मंडळात औषधांविषयी सर्व खेळाडूंसाठी एक बैठकही झाली, कोणाचे नाव न घेता. व्यसनाचा मुद्दा मुलांनी शांतपणे ऐकून घेतला. उत्तेजक द्रव्यांच्या नियमाचा मुद्दा आला तेव्हा मात्र प्रश्न सुरू झाले: १ जानेवारी २०२४ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ट्रामाडॉल स्पर्धेदरम्यान निषिद्ध केले आहे. नमुन्यात ते सापडले तर बंदी येऊ शकते. खेळाडूंशी बोलताना हा मुद्दा आधी मांडावा. त्यानंतर मंडळाच्या प्रथमोपचार पेटीतून सगळ्या गोळ्या काढल्या गेल्या. आता तिथे बर्फाच्या पिशव्या, क्रेप बँडेज, निर्जंतुक पट्ट्या आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर एवढेच आहे.

परिणाम

शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडे झोप खराब होती, मग सुधारली. पुढचे सहा महिने दरमहा मनोविकारतज्ज्ञांची भेट झाली, त्यात पुन्हा वापर आढळला नाही. नवव्या महिन्याच्या तपासणीत दुखऱ्या पायाची ताकद ८४ टक्के भरली आणि परवानगी नाकारली गेली. अकराव्या महिन्यात ती ९२ टक्के झाली, उडीच्या चाचण्याही पार पडल्या. तो हंगाम पूर्ण हुकला, जिल्हा संघाची त्या वर्षीची संधी गेली.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णयबिंदू डिस्चार्जचा होता आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही तोच. अशा शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन दिवस खरोखर दुखते. तेव्हा मुलाला वेदनेत ठेवणे हा उपाय नाही. पण पाया साध्या औषधांचा हवा. मांडीतल्या नसेचे बधिरीकरण शस्त्रक्रियेच्या वेळीच करता येते. पहिले तीन दिवस पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता द्यायचे. सोबत बर्फ, उंच पाय, रात्रीची झोप. एवढे करूनही झोप किंवा व्यायाम अशक्य झाला तरच अफूवर्गीय गोळी, आणि तीही एकत्रित न देता सुटी, म्हणजे पॅरासिटामॉलचा हिशेब बिघडत नाही. या मुलाला ६ ते १० गोळ्या पुरल्या असत्या. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२४ मध्ये किशोरांसाठी साधारण ५ दिवसांची मर्यादा सुचवली आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती वाढू शकते, पण मग कारण लिहावे. ‘गरजेनुसार’ ही ओळ कागदावर असूच नये. तिच्या जागी शेवटची तारीख हवी.

कागद हातात देताना चार वाक्ये बोलायला दोन मिनिटे लागतात. हे औषध अफूवर्गातले आहे. ते मोठ्या माणसाने सांभाळावे. संपले तर आमच्याकडे या, मेडिकलमध्ये जाऊ नका. उरले तर घरात ठेवू नका. उरलेल्याचे काय करायचे हेही सांगावे: केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनात ट्रामाडॉल शौचालयात टाकून पाणी सोडावयाच्या औषधांमध्ये आहे.

दुसरा बिंदू बाराव्या दिवसाचा. टाके काढताना कोणी पुन्हा ट्रामाडॉल मागितले तर आधी गुडघा तपासायचा: सूज, संसर्ग, पोटरीत गुठळी. मग झोप आणि मन विचारायचे. बाराव्या दिवशी वाढलेली वेदना ही तपासणीची खूण आहे.

घर चांगले, मुलगा सरळ, म्हणून धोका कमी, असे सर्वांनी धरले होते. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याला छेद दिला आहे. शालेय वयात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अफूवर्गीय औषध घेतलेल्यांत पुढे गैरवापराचा धोका ३३ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि ही वाढ मुख्यतः ज्यांना नशेचा अनुभव नव्हता, जी मुले गांजालाही नापसंत करत होती, त्यांच्यातच होती. म्हणून जपण्याचे नियम प्रत्येक मुलाला सारखेच लावावेत. मग पालकांनाही आपल्या मुलावर शंका घेतली असे वाटत नाही.

मेडिकलवाल्याशी वडील बोलले, त्याने चूक मान्य केली. औपचारिक तक्रार झाली नाही. ती अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात करता आली असती, आणि करायला हवी होती, कारण असा फोटो पाठवणारे घर एकच नसते.

सर्वांत मोठी उणीव त्या मोठ्या खेळाडूची आहे. मुलाचे गुपित राखताना त्याच्यापर्यंत कोणी थेट पोहोचले नाही. बैठकीला तो होता, काही बोलला नाही. तोही रुग्णच आहे: दुखरा खांदा, सामन्याआधीची कॅप्सूल आणि निवडीची भीती, तीच साखळी काही वर्षे पुढे गेलेली. त्याला राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस सेवा १४४१६ हे नंबर फिजिओमार्फत नंतर दिले गेले, आणि खांद्याच्या तपासणीसाठी वेळ ठरवून दिली. पहिल्या वेळेला तो आला नाही. दुसऱ्या वेळेला आला, आणि खांद्याचा एमआरआय झाला आहे.